कपाट एक, पुस्तकं अकराशे

"ताई, तीन महिन्यांनी आम्ही मोठं घर सोडून लहान घरात राहायला जातोय. मुलं बाहेर गेली, आम्ही दोघंच उरलो, त्यामुळे निर्णय बरोबर आहे हे मलाही पटतं. पण माझ्याकडे साधारण अकराशे पुस्तकं आहेत, कॉलेजपासून जमवलेली, त्यात दीडेकशे वडिलांची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. नव्या घरात पुस्तकांचं एकच कपाट बसतंय आणि बायको म्हणते त्यात मावतील तेवढीच. गेल्या महिन्यात मी घरात नसताना तिने तीन खोकी भरून जिन्याखाली नेऊन ठेवली, त्यावरनं आमचं चांगलंच वाजलं, आता हा विषय निघाला की दोघंही गप्प बसतो. मी दर रविवारी द्यायची म्हणून पंधरा-वीस पुस्तकं बाजूला काढतो आणि संध्याकाळपर्यंत निम्मी परत आत जातात. तीनेकशे तर वाचलेलीच नाहीत, आणि नवल म्हणजे तीच द्यायला जास्त जड जातंय. पुस्तक दिलं की आपलाच एक तुकडा तोडून दिल्यासारखं वाटतं. मी यात फारच अडकलोय का? ता.क. वडिलांचा एक जुना शब्दकोश आहे, पुठ्ठा निघालाय, पानं सुटलीत, त्याचं काय करू?"

दादा, अडकलायत खरे, पण काळजी करण्यासारखं काही नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. किती पुस्तकं, किती जागा, किती महिने, सगळं तुम्ही लिहिलंय, पण ही पुस्तकं द्यायची कोणाला ते एका ओळीतही नाही. रविवारी बाजूला काढलेली पुस्तकं संध्याकाळी परत आत का जातात त्याचं कारण मला तरी तिथेच दिसतं, ती कुठे जायला निघालेलीच नसतात ना. जमिनीवर ढिगात पडलेलं पुस्तक बिचारं दिसतं, आणि बिचारं दिसलं की आपण उचलून त्याला जागेवर ठेवणारच. त्याच पुस्तकावर "हे भाचीला, ती सध्या हेच शिकतेय" अशी चिठ्ठी लावलेली असली तर ते परत आत ठेवायला हात धजत नाही, कारण आता ते तुमचं राहिलेलं नसतं, तिचं झालेलं असतं आणि तुम्ही फक्त सांभाळताय.

तर आधी एक वही घ्या आणि माणसांची यादी करा. पुस्तकांची नाही, ती नंतर. नातेवाईक, जुने सहकारी, शेजारची शाळकरी पोरं, कोणी नुकतंच रिटायर झालेलं, कोणी आजारपणामुळे घरात बसलेलं, ज्याच्याशी कधीकाळी एखाद्या लेखकावरनं तासभर वाद घातला होता तो मित्र. पंचवीस-तीस नावं सहज निघतील. मग ती यादी हातात धरून कपाटासमोर उभे राहा. "यातलं काय काढू" असं नाही विचारायचं, "हिच्यासाठी यात काय आहे" असं विचारायचं. करून बघा, हात वेगळाच चालतो.

तुकडा तोडल्याच्या भावनेबद्दल एक सांगते. १९९० साली डॅनियल कानेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर या तिघा संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक साधा कॉफीचा मग दिला, निम्म्यांना नाही दिला, आणि नंतर ज्यांना मग मिळाला त्यांना विचारलं कितीला विकाल, बाकीच्यांना विचारलं कितीला घ्याल. मगवाल्यांनी सांगितलेली किंमत दुसऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट निघाली. मग तोच, दुकानातला, नुकताच हातात आलेला, त्यात ना कोणाची आठवण ना काही. नुसतं "माझा" झाल्यावर एवढा फरक पडतो, तर तुमची पुस्तकं तुमच्याकडे पस्तीस-चाळीस वर्षं आहेत, काहींवर तुम्ही नाव घातलंय, तारीख घातलीय, मग जड नाही जाणार तर काय होणार. यावर एक साधी युक्ती सांगतात की पुस्तक हातात घेऊन विचारायचं, हे माझं नसतं आणि आज कुठे दिसलं असतं तर मी घरी आणलं असतं का? तुमच्या हजारातल्या सातशे-आठशेंना ही युक्ती चालेल. वडिलांच्या पुस्तकांना चालणार नाही, तिथे चालवूही नका, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

आता माझी फजिती ऐका, म्हणजे ती तुम्ही करणार नाही. काही वर्षांपूर्वी मीही घर बदललं आणि सहाशेच्या आसपास पुस्तकं एका दमात एका संस्थेला देऊन टाकली. गाडी आली, पुस्तकं गेली, आभाराचं पत्र आलं, मी अगदी धन्य झाले. दीडेक वर्षाने काही कामासाठी तिथे जाणं झालं तर मागच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकखाली माझे गठ्ठे तसेच! सुतळीच्या गाठीसुद्धा मी मारलेल्या, खालच्या थराला ओल लागून पानं फुगलेली. चार दिवस मी नुसती चिडचिड केली, ज्याला त्याला सांगत सुटले की लोकांना पुस्तकांची किंमत नाही वगैरे. मग कधीतरी डोकं थंड झाल्यावर आठवलं की त्या गठ्ठ्यांत मी भरलं काय होतं, एकाच अकाउंटिंगच्या पुस्तकाच्या तीन जुन्या आवृत्त्या, परीक्षेची गाइडं, मासिकांचे गठ्ठे, आणि त्यांच्याच पोटात कुठेतरी खरोखर चांगली पुस्तकं. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला काय पाहिजे. मी माझं घर रिकामं केलं होतं आणि वर त्यालाच दान म्हणत होते.

म्हणून संस्थेला द्यायचं असेल तर आधी फोन करा, काय चालेल काय नको ते विचारा, यादी पाठवा, आणि नको म्हणाले तर राग मानू नका. लायब्ररीवाले स्वतःच्या कपाटातली पुस्तकंही नियमित काढून टाकत असतात, त्याला ते वीडिंग म्हणतात, म्हणजे आपली खुरपणी. तण काढलं नाही तर पीक दिसत नाही, तसंच. १९७६ साली अमेरिकेत तयार झालेली याची एक पद्धत आजही वापरतात, त्यात पुस्तक काढायची सहा कारणं आहेत. माहिती चुकीची ठरलीय, अवस्था वाईट आहे, नवी आवृत्ती किंवा जास्त चांगलं पुस्तक आलंय, मुळातच किरकोळ आहे, आपल्या वाचकांच्या कामाचं नाही, किंवा दुसरीकडे सहज मिळतं. यातलं शेवटचं कारण घरातल्या कपाटालाही एकदम चपखल बसतं. जे पुस्तक कुठल्याही लायब्ररीत मिळेल, पाहिजे तेव्हा परत विकत मिळेल, ते एका कपाटात जागा अडवून बसायला नको. जे गेलं की परत मिळायचं नाही ते ठेवायचं, मग ते दिसायला कितीही फाटकं असो. आपण नेमकं उलटं करतो, चकचकीत बाइंडिंगवालं दर्शनी ठेवतो आणि पिवळं पडलेलं पातळसं पुस्तक रद्दीत.

आपल्याकडचे एस. आर. रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक आणि मग ग्रंथपाल झालेले, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पहिला, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हा तिसरा मला त्या व्हरांड्यात उभं असताना आठवायला हवा होता, पण तेव्हा मी गाठी मोजत होते.

आता हिशोब करू या थोडा. साधारण अडीच सेंटिमीटर जाडीचं पुस्तक धरलं तर ९० सेंटिमीटरच्या एका फळीवर पस्तीसेक बसतात, पाच फळ्यांच्या कपाटात पावणेदोनशे, बारीक पुस्तकं जास्त असली तर दोनशे. दोन रांगा लावून चारशे बसवता येतील हे तुमच्या मनात आलंच असेल, माझ्याही आलं होतं. मागच्या रांगेतलं पुस्तक परत कधी हातात येत नाही आणि वजनाने फळीला पोक येतो, तेव्हा ते नको. म्हणजे नऊशे पुस्तकं बाहेर जाणार. नव्वद दिवस आहेत, रोज दहा. रविवारी एकदम पन्नास काढायला बसलात की पहिल्या वीसनंतर डोकं चालेनासं होतं, मग एक तर सगळंच ठेवावंसं वाटतं नाहीतर सगळंच टाकावंसं वाटतं, दोन्ही वाईट. त्यापेक्षा रोज रात्री दहा काढा, चिठ्ठ्या लावा, आणि विषय बंद. एकच नियम पाळा, काढलेली दहा दुसऱ्या दिवशी परत उघडून बघायची नाहीत.

सुरुवात सोप्या टोकाकडनं करा. जुनी कॉम्प्युटरची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची गाइडं, वर्षावर्षाला बदलणाऱ्या नियमांची पुस्तकं, औषधांची आणि कायद्याची जुनी पुस्तकं. ही कोणालाही दान देऊ नका, अगदी कोणी मागितली तरी नको. वीस वर्षांपूर्वीचं औषधांचं पुस्तक वाचून कोणी स्वतःवर उपचार केले तर ते महागात पडेल, आणि जुना कायदा तर माणसाला सरळ खड्ड्यात घालतो. ही रद्दीत जाऊ देत, आणि त्यात पाप नाही हो दादा, कागदाच्या तंतूंचा लगदा करून पाच ते सात वेळा नवा कागद करता येतो असं सांगतात, तेव्हा तिथेही ते कामालाच लागतंय. जाड पुठ्ठ्याचं कव्हर मात्र काढून वेगळं द्या, आणि आत कुठे नाव, पत्ता, फोन नंबर, जुनी बिलं, पत्रं काही राहिलंय का ते पानं झटकून बघा. मला एकदा अशा झटकण्यात आईच्या हातची किराणा सामानाची यादी मिळाली होती, ती अजून पाकिटात आहे, पण ते जाऊ दे.

ज्ञानकोशांचे जाडजूड संच असतील तर त्यांचंही तसंच. ते घेणारं कोणी मिळत नाही याचा धक्का बसतो, कारण आपण ते हप्त्याहप्त्याने घेतलेले असतात. पण १७६८ पासून छापला जाणारा एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासुद्धा २०१२ मध्ये छापील संच बंद करून मोकळा झाला. संचातला एखादा खंड, ज्यातले नकाशे किंवा चित्रं मुलं लहान असताना तासन् तास बघायची, तेवढा ठेवा. अख्खा संच ठेवला पाहिजे असं कोणी सांगितलंय?

तिसरी सोपी जात म्हणजे आजारी पुस्तकं. पानांना बारीक भोकं, कडा खाल्लेल्या, उघडल्यावर चंदेरी किडा पळाला तर ती कसर. तिला ओल आवडते आणि बाइंडिंगची खळ, डिंक आवडतो. असं पुस्तक दुसऱ्याच्या कपाटात पाठवणं म्हणजे त्याच्या घरी कसर पाठवणं. मोलाचं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ डिग्रीला दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कागदावर दव धरतं. संग्रहालयांतसुद्धा कीड मारायला गोठवण्याचीच पद्धत वापरतात. मोलाचं नसेल तर सरळ रद्दी. आणि डांबराच्या गोळ्या नकोत, पुस्तकाचं राहू दे, त्या वाफा लहान घरात तुमच्याच नाकात जाणार.

या तिन्हींत मिळून बघा, अडीचशे-तीनशे पुस्तकं आरामात जातील आणि कुठे काही दुखणारही नाही.

आता न वाचलेली तीनशे. ती द्यायला जास्त जड जातात याचं तुम्हाला नवल वाटतंय, मला नाही वाटत. वाचलेलं पुस्तक देताना कागद जातो, त्यातलं जे घ्यायचं ते आपण घेतलेलं असतं. न वाचलेलं देताना आपण कबूल करतो की हे आता माझ्याच्याने होणार नाही. तत्त्वज्ञानाचे ते चार खंड, ती परकीय भाषा शिकायची पुस्तकं, तबला शिकण्याचं ते पुस्तक, हे सगळं रिटायर झाल्यावर करायचं होतं ना? विकत घेऊन न वाचता रचून ठेवण्याला जपानी भाषेत एक शब्दच आहे, त्सुंदोकु, तेव्हा ही सवय जगभरची आहे, लाज वाटायचं कारण नाही. यातली वीस ठेवा. खरोखर वीस, आणि ती वेगळ्या फळीवर, डोळ्यांसमोर. बाकीच्यांना प्रत्येकी दहा पानांचा चान्स द्या, रात्री दहा पानं वाचायची आणि अकराव्या पानावर जावंसं वाटलं नाही तर ज्याला वाटेल त्याच्याकडे पाठवायचं. तबल्याचं पुस्तक तबला शिकणाऱ्या पोराला द्या आणि त्याला सांगा की मला जमलं नाही, तू बघ. हे तोंडाने म्हणणं जरा अवघड असतं, पण म्हटल्यावर फार हलकं वाटतं.

आणि वडिलांची दीडशे. यांना शेवटी हात लावा, निदान महिनाभराने, तोवर तुमचा हात या कामाला सरावलेला असेल. आधीच घेतलीत तर पहिल्या पाचातच तुम्ही बसून वाचायला लागाल आणि महिना तिथेच जाईल.

त्यातही दोन भाग करा, वडिलांनी नुसती बाळगलेली आणि वडिलांनी हाताळलेली. कुठे पेन्सिलची रेघ आहे, समासात "हे पटत नाही" लिहिलंय, बसचं तिकीट खूण म्हणून राहिलंय, पहिल्या पानावर त्यांची सही आणि तारीख आहे. ती त्यांची. बाकीची त्यांच्या कपाटात होती म्हणून त्यांची, जशी तुमच्या कपाटात तुमची ती तीनशे आहेत. माझा अंदाज आहे की दीडशेतली चाळीस-पन्नास हाताळलेली निघतील, आणि ती सगळीच्या सगळी ठेवलीत तरी माझी हरकत नाही, कपाटातल्या दीड फळीत येतील. जी देणार त्यातही सही असेल तर त्या पानाचा दिवसाउजेडी मोबाईलवर नीट फोटो काढा, फ्लॅश नको, आणि फोटो मुलांनाही पाठवा. सहीचं पान फाडून ठेवू नका. मी तसं केलंय एका पुस्तकाचं, आता ना ते पान धड वाटतं ना ते पुस्तक.

जुन्या पुस्तकांचा तो वास तुम्हालाही आवडत असणार, वडिलांची आठवण त्याच वासाने येते असं बरेच जण सांगतात. तो वास कागद विरत चालल्याचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद लाकडाच्या लगद्यापासून व्हायला लागला, त्यात लिग्निन नावाचा घटक राहतो, त्याच्यामुळे कागद पिवळा पडतो, आणि तो मोडताना व्हॅनिलासारखा गोडसर वास सुटतो. कागदातलं आम्ल तंतू तोडत जातं आणि पान एक दिवस वाकवलं की तुटतं. हे घाबरवायला नाही सांगत. तुम्ही कपाट बंद करून जपताय असं तुम्हाला वाटतं तेव्हाही ती पुस्तकं हळूहळू जातच असतात, एवढं डोक्यात असू द्या. ठेवाल त्यांना दमट भिंतीपासून चार बोटं लांब, उन्हापासून दूर आणि हवा खेळती राहील असं ठेवा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते.

वडिलांच्या बाकीच्या शंभरांसाठी एक गोष्ट सांगते. २००९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात टॉड बोल नावाच्या माणसाने आपल्या शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत शाळेच्या इमारतीसारखी दिसणारी एक छोटी लाकडी पेटी केली, पुस्तकं भरली आणि घरापुढे खांबावर लावली, ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, जमलं तर एक ठेवावं. त्यातनंच लिटल फ्री लायब्ररी उभी राहिली, आता तशा पेट्या कितीतरी देशांत आहेत. तुम्ही जिथे राहायला जाताय तिथल्या जिन्यात, गेटपाशी, कुठे परवानगी मिळाली तर एक फळी मागून घ्या आणि तिथे वडिलांची पाच-पाच पुस्तकं ठेवत जा. एकदम शंभर ठेवली तर अडगळ दिसते आणि कोणी हात लावत नाही, पाच असली की लोक थांबतात.

कोणाच्या हातात देताना एकेकच द्या. पिशवीभर पुस्तकं दिली की समोरच्याच्या घरी ती पिशवीच पडून राहते. एक पुस्तक, वर दोन ओळींची चिठ्ठी की हे तुलाच का देतोय. "वाचून परत दे" म्हणू नका, ते देणं नाही झालं. आणि महिन्याने फोन करून "वाचलंस का" विचारायचं नाही, हे फार कठीण आहे, मला अजून जमत नाही. घेणाऱ्याने नको म्हटलं तर लगेच मागे घ्या, आग्रह करू नका, लोक भिडेखातर घेतात आणि मग तुमचंच ओझं ते वाहत बसतात.

देण्याआधी नोंद मात्र करा, ही माझी दुसरी चूक. मी यादी केली नाही, त्यामुळे आजही एखादं पुस्तक शोधायला उठते, अर्धा तास शोधते, आणि ते दिलंय की हरवलंय की कोणी नेलंय तेच कळत नाही, हे दिल्याच्या दुःखापेक्षा जास्त छळतं. मोबाईलवर बारकोड स्कॅन केला की नाव, लेखक आपोआप येतात, लायब्ररीथिंगसारखी साइट २००५ पासून पुस्तकांच्या याद्या ठेवायचंच काम करतेय. मागच्या कव्हरवरचा तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर, १९७० च्या सुमाराला आला, २००७ पासून तो तेरा आकडी झाला, तेव्हा वडिलांच्या बऱ्याच पुस्तकांवर तो नसेल आणि मराठीतली जुनी पुस्तकं त्या साइटना सापडतीलच असं नाही, ती हाताने लिहा. नाव, लेखक, वर्ष, कोणाला दिलं. त्याच वहीत, माणसांच्या यादीच्या मागच्या पानापासून.

"सगळं ई-बुक करून टाका" असा सल्ला मुलं देतील, दिलाही असेल. जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांसाठी ते छान आहे, इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर बरंच काही स्कॅन केलेलं मिळतं, आणि तिथे असलेलं पुस्तक देताना मन घट्ट करावं लागत नाही. पण विकत घेतलेलं ई-बुक बहुतेक वेळा फक्त वाचायचा परवाना असतो. २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या घोळावरनं काही ग्राहकांच्या किंडलमधनं घेतलेली पुस्तकं परस्पर पुसली होती, पैसे परत केले, नंतर माफीही मागितली, पण न विचारता पुसता येतं हे तर दिसलंच. तेव्हा ज्याच्यावाचून चालणारच नाही ते कागदावरच ठेवा.

आता वहिनींचं. न विचारता खोकी भरली ही त्यांची चूक, ते मी त्यांच्यासमोरही म्हणेन. पण अकराशे पुस्तकांची धूळ इतकी वर्षं कोणी झटकली, हे तुमच्या पत्रात नाहीये बरं का. ती तीन खोकी वर आणा आणि दोघांनी मिळून उघडा. आरडाओरडा न करता बघितलंत तर कदाचित दिसेल की त्यांनी निवड वाईट केलेली नाही, कारण तुमच्या हातात कोणतं पुस्तक वर्षानुवर्षं आलं नाही हे तुमच्यापेक्षा त्यांनी जास्त पाहिलंय. आणि अकराशेत त्यांची किती आहेत ते विचारा. "माझ्याकडे अकराशे" असं तुम्ही लिहिलंय, पण त्यात त्यांनी लग्नाआधी आणलेली, तुम्ही भेट दिलेली, त्यांनी चोरून दोन-दोनदा वाचलेली असणारच. कपाटातली एक फळी त्यांना द्या आणि तिच्यावर काय राहील ते त्यांनाच ठरवू दे. त्यांनी तिथे पुस्तकांऐवजी शिवणाचा डबा ठेवला तरी चालवून घ्या.

पॅकिंगचं थोडक्यात. मोठी खोकी घेऊ नका, तळ फुटतो आणि उचलणाऱ्याची पाठ जाते. ए-फोर कागदाचं पाचशे पानांचं रिम साधारण अडीच किलोचं असतं आणि पाच रिमांचं खोकं माणूस नीट उचलतो, तेव्हा तसलीच रिकामी खोकी मिळवा. पुस्तकं आडवी ठेवा किंवा कणा खाली करून उभी, पानांची कड खाली करून कधीच नाही, पानांच्या वजनाने शिलाई ओढली जाते. वडिलांची पन्नास वेगळ्या खोक्यात, आणि ते खोकं ट्रकमध्ये नाही, तुमच्या मांडीवर.

आणि शब्दकोश. तो ठेवायचाच, हे विचारायचं होतं का! फक्त त्याला चिकटपट्टी लावू नका. दोन-चार वर्षांत तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा डाग पडतो आणि पट्टी गळून पडते, डाग तसाच. सुटलेली पानं आकड्यांप्रमाणे लावून घ्या, निघालेला पुठ्ठा जागेवर ठेवा आणि सुती नाडीने पुस्तक सैलसर बांधा, गाठ पानांच्या कडेच्या बाजूला येऊ द्या. घर लागलं की चांगला बाइंडर शोधा आणि त्याला आधीच सांगून ठेवा की मशीनवर कडा कापायच्या नाहीत, नाहीतर समासात वडिलांनी काही लिहिलं असेल तर ते कात्रणाबरोबर जाईल.